पटाचा बैल, पोलोचा घोडा

आंबिया बहाराची संत्री उतरतात, कापसाचे दोन-तीन वेचे घरात येतात आणि नरखेड-काटोलकडच्या चौकांत शंकरपटाची, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतींची, पत्रकं दिसू लागतात. मधोमध उधळलेली जोडी, वर गावच्या देवाचं नाव आणि खाली बक्षिसांची लांबलचक यादी. ही यादी नीट वाचण्यासारखी असते. पहिलं बक्षीस कुणीतरी वडिलांच्या स्मृतिप्रीत्यर्थ ठेवलेलं, दुसरं कृषी केंद्राच्या मालकाकडून, तिसरं संत्र्याच्या व्यापाऱ्याकडून, त्याखाली एखाद्या पुढाऱ्याचं नाव. पट पाहून आलेला माणूस बैलांची नावं आठवतो. खेळ कुणाच्या पैशावर उभा राहिला, हे मात्र पत्रकच सांगतं.

नरखेड हा नागपूर जिल्ह्याच्या वायव्य टोकाचा तालुका. पश्चिमेला वर्धा नदी आणि पलीकडे अमरावतीचं वरूड, उत्तरेला मध्य प्रदेशातलं पांढुर्णा. नागपूरहून इटारसीला जाणारी रेल्वे इथूनच सीमा ओलांडते. मोवाड, जलालखेडा, सावरगाव, भारसिंगी ही इथली जुनी गावं आज संत्र्यासाठी ओळखली जातात. पण संत्र्याच्या आधीही या पट्ट्याकडे विकण्याजोगी एक गोष्ट होती आणि तिला दूरदूरहून गिऱ्हाईक होतं. ती म्हणजे बैल. वर्धा, नागपूर, छिंदवाडा, शिवनी, बालाघाट अशा सलग टापूत घडलेल्या गवळाऊ जातीचा बैल.

गवळाऊ पांढराशुभ्र किंवा राखाडी असतो. अंगाने सडपातळ, तोंड लांबट, शिंगं आखूड, पाय हलके. खिल्लारासारखी नजर खेचणारी शिंगं त्याला नाहीत, की ओंगोलसारखा अवाढव्य बांधाही नाही. त्याचं मोल त्याच्या चालीत आहे. अन्न व कृषी संघटनेसाठी एन. आर. जोशी आणि राल्फ फिलिप्स यांनी १९५३ साली भारत-पाकिस्तानातल्या गोवंशांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात ही जात मराठ्यांनी डोंगराळ मुलखातल्या वेगवान लष्करी वाहतुकीसाठी घडवली, असा समज नोंदवलेला आहे. नागपूरकर भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून दहा वर्षं बंगाल-ओडिशावर जात होत्या. घोडेस्वार पुढे गेले तरी मागचं सामान, दाणागोटा आणि तंबू यांनाही त्याच गतीने पोचावं लागे. सातपुड्याच्या पायथ्याचे खडकाळ रस्ते आणि मध्ये पसरलेलं जंगल तुडवत दिवसभर दुडक्या चालीने जाणारा बैल हा त्या काळी युद्धाचाच माल होता. १७५१ च्या तहाने कटक आणि चौथाईचे बारा लाख रुपये नागपूरच्या पदरात पडले. त्या यशाच्या हिशेबात स्वारांची नावं आहेत. बैलांचा हिशेब कुणी ठेवला नाही.

लढाया संपल्या आणि चाल कामाला आली ती रस्त्यावर. माल वाहायला बंडी, पण माणसांनी जायचं तर रेंगी. हलकी, दोन चाकांची, वर कमानीचं छप्पर असलेली. मालगुजार, सावकार, कापसाचे अडते यांच्या दारात रेंगी असे आणि तिला जुंपलेली जोडी ही घराची पत असे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि लँकेशायरच्या गिरण्या वऱ्हाड-नागपूरकडे वळल्या. कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ मध्ये मुंबईहून आगगाडी नागपूरला पोचली. तरी शेतातून स्टेशनपर्यंतचा रस्ता बैलाचाच राहिला. चांगली जोडी म्हणजे नुसता शेतीचा जोर नव्हे. बाजार गाठण्याची खात्री.

जोडी चांगली की वाईट, हे ठरवण्याच्या दोन जागा होत्या. एक गुरांचा बाजार. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, बैलाच्या तोंडात हात घालून दात बघणार. दोन दाती, चार दाती की जुळलेला? मग खांद्यावरचा घट्टा, खुरांची फट, शेपटीचा गोंडा, भोवरा कुठे आहे ते. भाव बोलून होत नसे. दुपट्ट्याच्या आड दोघांचे हात जात, बोटं दाबली जात आणि भोवतीच्या माणसांना आकडा कळायच्या आत सौदा तुटे किंवा जमे. दुसरी जागा पट. बाजारात बैल उभा असतो, पटात तो पळतो. हेड्याने कितीही गुण सांगितले तरी छकड्याला जुंपलेली जोडी चार गावांसमोर सुटली की लपवायला काही उरत नाही. विदर्भात शंकरपट टिकला याची मुळं जत्रेत आणि हौसेत आहेतच. पण तो बैलाच्या बाजाराचं शेवटचं, उघड्यावरचं पारखणं होता, ही बाजू पटावरच्या लिखाणात फार क्वचित येते.

पटाची रचना साधी आहे. शेजारी-शेजारी आखलेल्या दोन सरळ पट्ट्या, प्रत्येकीवर एक जोडी, मागे हलका छकडा आणि त्यावर जेमतेम तोल सावरून बसलेला धुरकरी. झेंडी पडते आणि काही सेकंदांत सगळं संपतं. निकाल सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजला जातो. पूर्वी हातातल्या घड्याळावर, आता इलेक्ट्रॉनिक यंत्रावर. अमरावती जिल्ह्यात धामणगाव रेल्वे तालुक्यातल्या तळेगाव दशासरचा पट सगळ्यांत नावाजलेला. कृषक सुधार मंडळ तो भरवतं, त्याला शंभर वर्षांहून जुनी परंपरा आहे आणि तिथे महिला धुरकरीही छकडा हाकतात. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर खर्च चालतो. सरकीची ढेप, चुनी, उडदाचं पीठ, दूध, ज्याला परवडेल त्याच्याकडे बदामही. पटाच्या बैलाला नांगराला जुंपत नाहीत. तो चालवायचा, पोहवायचा, त्याचं अंग रगडायचं. जोडी जिंकली की मैदानातच गिऱ्हाईक उभं राहतं आणि बोलणी लाखांत होतात. बक्षिसाची रक्कम वर्षाच्या ढेपेलाही पुरत नाही. पैसा मिळाला तर तो या सौद्यात मिळतो.

खेळ, जनावर आणि पैसा यांची हीच गुंतागुंत जगात सगळ्यांत उघडपणे दिसते ती पोलोमध्ये. पोलो म्हटलं की राजेरजवाडे डोळ्यांपुढे येतात, पण आधुनिक पोलोचा जन्म मळेवाल्यांमध्ये झाला. मणिपुरात सगोल कांगजेई या नावाने खेळला जाणारा हा खेळ जोसेफ शेरर या लष्करी अधिकाऱ्याने आणि कछारच्या चहाच्या मळेवाल्यांनी उचलला आणि १८५९ मध्ये सिलचरला पहिला क्लब काढला. १८६२ मध्ये कलकत्ता पोलो क्लब आला. कलकत्त्याच्या एझ्रा या बगदादी ज्यू व्यापारी घराण्याच्या नावाचा चषक १८८० पासून खेळला जातो. म्हणजे कलकत्त्यातही बक्षिसाच्या चषकावर व्यापाऱ्याचं नाव आलंच. आजच्या शंकरपटाच्या पत्रकातली रीत काही नवी नाही.

पोलोला घोडे लागतात आणि फार लागतात. सामन्यातला एक डाव, म्हणजे चक्कर, सुमारे सात मिनिटांची. इतक्या वेळ भरधाव धावून, थांबून, वळून घोडं दमतं, म्हणून खेळाडू दर चकरीला घोडं बदलतो. मोठ्या स्पर्धेत चार जणांच्या संघाला वीस-पंचवीस घोडी सहज लागतात. ही गरज भागवायला एक अख्खा व्यापार उभा राहिला आणि त्याचं पश्चिमेकडचं दार मुंबई होतं. बसरा आणि कुवेतकडून अरबी घोडे जहाजांत घालून मुंबईला आणले जात. भेंडीबाजार-भायखळ्याकडे अरब व्यापाऱ्यांचे तबेले होते आणि लष्करी अधिकारी तिथे घोडी निवडायला येत. कच्चं घोडं स्वस्तात घ्यायचं, पुण्या-खडकीच्या मैदानावर तयार करायचं, सामन्यात चमकलं की दुप्पट-तिप्पट दराने विकायचं. पगार तुटपुंजा असलेल्या तरुण अधिकाऱ्यांचा खेळाचा खर्च यातून निघे. इथेही मैदान हाच बाजार होता.

पण या व्यापाराने स्थानिक जातीचं काय केलं, ते पाहिल्यावर नरखेडच्या माणसाने सावध व्हायला हवं. मणिपुरी तट्टू बुटकं, काटक, डोंगरात वाढलेलं. खेळ त्याच्याच पाठीवर जन्मला. पोलो मणिपुराबाहेर पडला तेव्हा घोड्याच्या उंचीवर मर्यादा होती. ती टप्प्याटप्प्याने वाढत गेली आणि पहिल्या महायुद्धानंतर पार उठली. मग उंच, वेगवान थरोब्रेड आणि त्यांचे संकर आले. लहान चणीच्या देशी घोड्यांना खेळात जागा उरली नाही. जयपूरच्या सवाई मानसिंहांनी १९३३ मध्ये आपला संघ आणि घोडी इंग्लंडला नेऊन तिथल्या एकामागून एक खुल्या स्पर्धा जिंकल्या. भारतीय पोलोचा तो मोठा दिवस, पण मणिपुरी तट्टाचा त्यात वाटा नव्हता. २०१९ च्या पशुगणनेत मणिपुरात ही तट्टं सुमारे अकराशे उरली होती. इंफाळचं मापाल कांगजेइबुंग हे जगातलं सगळ्यांत जुनं वापरातलं पोलो मैदान मानलं जातं. खेळ जगभर गेला. ज्या जनावराने तो दिला त्याला चरायला गवताळ जमीन मिळेना म्हणून २०१६ मध्ये राज्याला तट्टाच्या संवर्धनाचं धोरण आखावं लागलं.

अर्जेंटिनात याच्या नेमकं उलट घडलं. १८७० च्या दशकात इंग्रज पशुपालकांनी आणि रेल्वेवाल्यांनी खेळ तिकडे नेला. गुरं वळायला वापरायच्या देशी क्रिओजा घोड्या तिथे विपुल होत्या. त्यांचा थरोब्रेडशी संकर करून पोलोसाठी एक वेगळीच जात घडवली गेली आणि १९८४ मध्ये पैदासकारांनी स्वतःची संघटना काढली. घोडीची आई कोण, आजी कोण, कोणत्या स्पर्धेत किती चकऱ्या खेळली, याची वही ठेवली जाऊ लागली. खेळाडू नावाजला की घोडी विकली जाते, घोडी विकली गेली की तिच्या आईची किंमत वाढते आणि पैसा कुरणापर्यंत परत येतो. आदोल्फो कांबियासो या अव्वल खेळाडूच्या क्वार्तेतेरा या घोडीची जनुकीय प्रत २०१० मध्ये ब्वेनोस आयरेसच्या लिलावात ८ लाख डॉलरला गेली. २०१६ मध्ये पालेर्मोच्या खुल्या स्पर्धेचा अंतिम सामना कांबियासो तिच्याच सहा प्रतींवर बसून खेळला आणि जिंकला. जनावराच्या प्रती काढाव्यात की नाही, हा वेगळा वाद आहे. मात्र खेळातला पैसा पैदाशीत मुरवायचा कसा, हे त्या देशाने दाखवून दिलं.

भारतात १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले आणि पोलो लष्कराच्या आणि उद्योगपतींच्या आधारावर आला. आज परदेशातल्या मोठ्या संघांत धनिक मालक स्वतः एक जागा घेऊन खेळतो आणि उरलेल्या जागांवर पगारी खेळाडू ठेवतो. कपड्यांच्या धंद्याने तर खेळाची खूणच उचलली. राल्फ लॉरेन यांनी १९६७ मध्ये पोलो या नावाने नेकटाय विकायला सुरुवात केली. पुढे अमेरिकेच्या पोलो संघटनेने आपल्याच नावाचे परवाने देऊन कपडे विकले आणि त्यातून येणारी रॉयल्टी खेळाकडे वळवली. नागपूरच्या दुकानातून घेतलेला, छातीवर घोडेस्वार असलेला असा टी-शर्ट घालून पटाच्या मैदानात बसलेली तरुण मुलं आता कुठेही दिसतात. त्या शर्टाच्या किमतीतला छोटासा हिस्सा एका खेळाला पोसतो. समोर पळणाऱ्या जोडीच्या वाट्याला अशी व्यवस्था कधी आली नाही.

आला तो एकापाठोपाठ एक आघात. ११ जुलै २०११ च्या केंद्रीय अधिसूचनेने बैलाला खेळ-प्रदर्शनासाठी मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींवरही बंदी घातली. न्यायालयासमोर आलेल्या तक्रारी खोट्या नव्हत्या. आर टोचणं, शेपूट पिरगाळणं, विजेचा झटका देणं हे प्रकार होत होते आणि बैलावर खरी माया असलेल्या माणसालाही ते सहन होत नव्हते. पण बंदीने क्रूरता आणि खेळ यांत फरक केला नाही. पट थांबले. त्यानंतर दहा महिन्यांनी, मार्च २०१५ मध्ये, गोवंश हत्याबंदीचा सुधारित कायदा राज्यात लागू झाला आणि बैलही त्याच्या कक्षेत आले. त्यामागच्या श्रद्धेबद्दल इथे काही म्हणायचं नाही. हिशेब मात्र मांडायला हवा. बैलाच्या किमतीला दोन टोकं होती. वर पट, जिथे उत्तम जनावराला लाख मिळत. खाली म्हातारा बैल, जो विकून शेतकरी पुढच्या गोऱ्ह्यासाठी चार पैसे जमवी. दहा महिन्यांत दोन्ही टोकं तुटली. मधे उरला फक्त शेतीचा बैल आणि त्याच्या जागी ट्रॅक्टर येतच होता. राज्यातली गुरांची संख्या २०१२ च्या गणनेत सुमारे १५५ लाख होती, २०१९ मध्ये ती सुमारे १४० लाखांवर आली. एवढी घट केवळ या दोन निर्णयांनी झाली असं म्हणता येणार नाही. दुष्काळ होता, चराई आटली होती, सालगडी मिळेनासे झाले होते. तरी ज्या शेतकऱ्याने तेव्हा गोऱ्हा वाढवायचा की नाही याचा विचार केला, त्याच्यासमोर आकडे कोणते होते ते स्पष्ट आहे.

२०१७ मध्ये विधिमंडळाने शर्यतींना परवानगी देणारी दुरुस्ती केली. क्रूरतेला पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद तिच्यात होती. त्याच वर्षी उच्च न्यायालयाने शर्यती रोखल्या. १६ डिसेंबर २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केली आणि १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने कायदा वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, पशुवैद्यकाची तपासणी लागते, धाव हजार मीटरच्या आत ठेवावी लागते, काठी-चाबूक चालत नाही.

आणि पैसा उसळून आला. मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत झालेल्या शर्यतीत पहिलं बक्षीस जेसीबी होतं. २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या भाळवणीत थार गाडी. पश्चिम महाराष्ट्रातल्या या बक्षिसांची चर्चा विदर्भातही होते आणि इथल्या पत्रकांवरचे आकडेही चढत गेले आहेत. राजकारण, जमीनजुमला, बांधकाम, खतं-बियाणं, संत्री, सगळीकडचा पैसा मैदानात उतरतो. त्यात वाईट काही नाही. सात वर्षं मेलेल्या बाजारात जीव आला, जोडी बाळगणाऱ्याला पुन्हा मान मिळाला. प्रश्न आहे तो हा पैसा मैदानावरून पुढे कुठे जातो याचा.

आज तो जिंकणाऱ्या जोडीच्या मालकाशी थांबतो. बहुतेक पटांत जोडी कोणत्या जातीची, कोणत्या गोठ्यात जन्मली, आई कोणती, हे विचारलं जात नाही. वेगाची किंमत होते, वंशाची होत नाही. ज्याच्याकडे रोकड आहे तो शंभर-दोनशे कोसांवरून तयार खोंड आणतो. गवळाऊ कालवड पाळणाऱ्या आर्वी-कारंजाकडच्या नंदगवळ्याला किंवा नरखेडच्या कोरडवाहू शेतकऱ्याला या तेजीतला रुपया पोचत नाही. त्याची गाय दूध कमी देते, म्हणून तिला जर्सी-होल्स्टिनची रेतनमात्रा दिली जाते आणि पुढच्या पिढीत ती चाल संपते. मणिपूरच्या तट्टाचं जे झालं ते असंच झालं: खेळ वाढला, जात आटली.

या जातीकडे उद्योगपतीचं लक्ष यापूर्वी एकदा वळलं होतं. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी आयुष्याचा अखेरचा काळ गोसेवेला वाहिला. १९४२ मध्ये त्यांचं निधन झालं, पण वर्ध्याच्या गोसेवा संघाने गवळाऊ गाय दूध आणि शेतकाम अशा दोन्ही अंगांनी सुधारण्याचं काम हाती घेतलं. कारंजा घाडगे तालुक्यातल्या हेटीकुंडीला सरकारी पैदास केंद्रात गवळाऊचा कळप राखला गेला. ही कामं सेवेच्या भावनेने झाली आणि त्यांचं मोल मोठं आहे. पण त्यांना बाजाराची जोड मिळाली नाही, आणि शेतकरी जनावर ठेवतो की नाही हे शेवटी बाजार ठरवतो.

जोड मिळू शकेल अशी जागा पटाच्या पत्रकावरच आहे. गट पाडलेले असतातच. त्यांत गवळाऊचा एक स्वतंत्र गट घालता येईल. जातीची खात्री करून द्यायला नागपुरातच महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ आहे. तपासणीसाठी पशुवैद्यक मैदानात येतोच. त्याने वेगाच्या घड्याळाशेजारी वंशाची वहीही उघडली तर? जिंकणाऱ्या जोडीच्या बक्षिसातला ठरावीक हिस्सा ज्या गोठ्यात ते खोंड जन्मले त्या गोठ्याला द्यायचा, आणि गाईच्या मालकाचं नाव धुरकऱ्याच्या नावासोबत ध्वनिक्षेपकावरून पुकारायचं. संत्र्याच्या व्यापाऱ्याने एक बक्षीस खास कालवडीसाठी ठेवलं तरी सुरुवात होईल. जलालखेड्याला जाम नदी वर्धेला मिळते त्या पट्ट्यात अजून पांढऱ्या, आखूड शिंगांच्या गाई दावणीला आहेत, आणि एखाद्या पट समितीने हे ठरवायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.